तुम्ही विचारलंत म्हणून : डोळ्यापुढचा केस

"बाहेर काहीच नाही, सगळं मनातच आहे, असं म्हणणारे ते बौद्ध ना?" हा प्रश्न मला कुठेही गाठतो. विचारणारे दोन प्रकारचे असतात. काही जण विचारता विचारता समोरच्या टेबलावर थाप मारतात आणि माझ्याकडे बघतात, आता बोला. काही जण आवाज खाली आणून विचारतात. आयुष्यात कधीतरी जे दिसलं, जे ऐकलं, ते खरंच तसं होतं का, ही शंका त्यांना झोपू देत नसते. आजवर मी दोघांनाही उभ्या उभ्या काहीतरी सांगून वाटेला लावलं. ते बरोबर नव्हतं. म्हणून आता बसून, सविस्तर सांगते.

तुम्ही विचारता त्या दर्शनाचं नाव योगाचार. विज्ञानवाद, विज्ञप्तिमात्रता, चित्तमात्र ही त्याचीच आणखी नावं. महायान परंपरेत दोन मोठी दर्शनं उभी राहिली, एक नागार्जुनाचं माध्यमिक आणि दुसरं हे. 'विज्ञानवाद' या नावाने मराठीत हमखास घोटाळा होतो, कारण आपल्याकडे विज्ञानवादी म्हणजे अंधश्रद्धा न मानणारा, प्रयोगाने सिद्ध झालं तरच स्वीकारणारा. बौद्ध ग्रंथांत विज्ञान म्हणजे जाणीव. डोळ्यातून रंगाची जाणीव होते ते चक्षुर्विज्ञान, कानातून आवाजाची होते ते श्रोत्रविज्ञान. प्रयोगशाळेचा इथे संबंध नाही. मला स्वतःला 'योगाचार' हेच नाव जवळचं वाटतं, कारण त्यात आचार आहे. ही माणसं आधी ध्यानाला बसणारी होती, वादाला नंतर उभी राहिली. हे विसरलं की त्यांचं प्रत्येक वाक्य विक्षिप्त वाटू लागतं.

माझी त्यांच्याशी खरी ओळख पुस्तकातून झाली नाही, डोळ्यातून झाली. पन्नाशीनंतर एका सकाळी पांढऱ्या भिंतीकडे बघताना उजव्या बाजूला एक केस तरंगताना दिसला. मी तो हाताने बाजूला सारला. सरला नाही. डोळा हलवला की तोही हलायचा, थांबलं की हळूच खाली उतरायचा. चष्मा पुसला, पापण्या धुतल्या. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डोळ्याच्या आत जो जेलीसारखा पारदर्शक भाग असतो त्यातले तंतू वयाने एकत्र येतात आणि त्यांची सावली आतल्या पडद्यावर पडते. काळजीचं कारण नव्हतं. पण त्या दिवशी घरी येऊन मी या दर्शनाचा आचार्य वसुबंधू याची 'विंशतिका' पुन्हा उघडली. तिच्या सुरुवातीलाच तिमिर नावाच्या नेत्रविकाराचा दाखला आहे. तिमिर झालेल्या माणसाला समोर केस दिसतात, दोन चंद्र दिसतात. ते तिथे नसतात, पण दिसणं मात्र पक्कं असतं.

मी हे आधी अनेकदा वाचलं होतं आणि एक ठरीव उदाहरण म्हणून पुढे गेले होते. भिंतीवरचा केस झटकायला हात पुढे केल्यावर मात्र ते कळलं. माझ्या दिसण्यात फसवं काही नव्हतं, केस दिसत होता हे खरंच होतं. चूक होती ती 'तिकडे, भिंतीजवळ, माझ्यापासून वेगळा' या भागात. म्हणजे जाणीव खरी आणि तिने स्वतःमधून काढून समोर ठेवलेली वस्तू मात्र खोटी. योगाचाराचं सगळं म्हणणं या एका फटीत मावतं. जाणीव उमटताना आपोआप दोन तुकड्यांत उमटते, एक ग्राहक आणि एक ग्राह्य, घेणारा आणि घेतलं जाणारं. ही फाळणी आपल्याला इतकी स्वाभाविक वाटते की ती फाळणी आहे हेच ध्यानात येत नाही.

हे सांगणारे दोघे भाऊ होते. असंग थोरला, वसुबंधू धाकटा. गांधारातलं पुरुषपूर, म्हणजे आजचं पेशावर, हे त्यांचं गाव. काळ सामान्यपणे इसवी सनाचं चौथं-पाचवं शतक. धाकटा आधी दुसऱ्या बाजूला होता. त्याने 'अभिधर्मकोश' लिहिला, त्यात अनुभवाचे बारीक घटक मोजून मांडले, आणि महायानाबद्दल त्याला काडीचाही आदर नव्हता. परंपरा सांगते की थोरल्या भावाने त्याला युक्तीने बोलावून घेतलं, समजावलं, आणि पटल्यावर वसुबंधूला इतका पश्चात्ताप झाला की ज्या जिभेने निंदा केली ती कापून टाकायला तो निघाला. असंग म्हणाला, त्यापेक्षा तीच जीभ आता समजावून सांगायला वापर.

असंगाची तिबेटी परंपरेतली गोष्ट मला याहून मोलाची वाटते. मैत्रेय बोधिसत्त्वाचं दर्शन व्हावं म्हणून तो बारा वर्षं ध्यान करत राहिला. काही दिसलं नाही. निराश होऊन गुहेबाहेर पडला तेव्हा वाटेत एक कुत्रं पडलेलं होतं, अर्धं अंग सडलेलं, किड्यांनी भरलेलं. त्या किड्यांनाही इजा होऊ नये म्हणून त्याने आपल्या मांडीचं मांस काढलं आणि डोळे मिटून त्यांना जिभेने अलगद उचलायला वाकला. जीभ जमिनीला लागली. डोळे उघडले तर कुत्रं नव्हतं, मैत्रेय उभा होता. असंगाने तक्रार केली, इतकी वर्षं कुठे होतास? मैत्रेय म्हणाला, पहिल्या दिवसापासून इथेच होतो, तुझ्याच आवरणांमुळे तुला दिसलो नाही. पटत नसेल तर मला खांद्यावर घे आणि गावात फिर. असंग फिरला. लोकांना त्याच्या खांद्यावर काहीच दिसलं नाही. एका म्हातारीला तेवढं कुत्रं दिसलं.

आता टेबलाकडे येते. थाप मारणाऱ्यांना मी टाळणार नाही. वसुबंधू बाह्य वस्तू नाकारतो का? हो, 'विंशतिके'त तो तसा युक्तिवाद करतो, आणि विरोधकाच्या तोंडून सगळ्या शंका आधी स्वतःच मांडतो. नाव वीसचं असलं तरी कारिका, म्हणजे श्लोक, बावीस आहेत आणि त्यांच्यावर त्याचीच वृत्ती, म्हणजे स्पष्टीकरण. शंका चार आहेत. बाहेर वस्तू नसेल तर ती ठरावीक जागीच का दिसते? ठरावीक वेळीच का दिसते? एकट्यालाच न दिसता तिथे असलेल्या सगळ्यांना का दिसते? आणि तिच्याने काम कसं होतं, म्हणजे पाण्याने तहान कशी भागते? पहिल्या दोन शंकांना त्याचं उत्तर स्वप्न. स्वप्नातही बाग ठरावीक जागी आणि ठरावीक वेळीच दिसते, सगळीकडे दिसत नाही. चौथीलाही स्वप्नच; स्वप्नातल्या संभोगाचा परिणाम जागेपणी शरीरावर दिसतो, हे तो संकोच न करता लिहितो. तिसरी शंका सगळ्यांत अवघड. तिथे तो प्रेतांचं उदाहरण देतो. प्रेत म्हणजे इथे मृतदेह नव्हे, कर्मामुळे भुकेने-तहानेने तळमळणारी पिशाच्चं. सारखं कर्म केलेल्या सगळ्या प्रेतांना नदीत पाण्याऐवजी पूच दिसतो. एकाला नाही, सगळ्यांना.

'प्रेत' म्हटलं की आजचा वाचक पान उलटतो, हे मला ठाऊक आहे. तुम्ही उलटू नका. त्या उदाहरणातून तो सांगतोय ते असं की सर्वांना सारखं दिसतं एवढ्यावरून ते बाहेर आहे असं ठरत नाही. सर्वांची घडण सारखी असली तरीही सारखंच दिसेल. नोटेचा विचार करा. कागदाच्या तुकड्यात लाखो लोकांना एकाच वेळी, एकसारखी किंमत दिसते, तिच्याने कामही होतं. ती किंमत कागदात शोधून सापडत नाही. हे उदाहरण माझं, वसुबंधूचं नव्हे. पण सामायिक दिसणं आणि बाहेर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला याच उदाहरणाने पटलं.

आणि 'सगळं माझ्या मनात आहे' असं तर तो मुळीच म्हणत नाही. हा गैरसमज सर्वाधिक पसरलेला आहे आणि मला तो सर्वाधिक खटकतो. योगाचारात इतर लोक आहेत, प्रत्येकाचा जाणिवेचा स्वतंत्र प्रवाह आहे, त्याला ते 'संतान' म्हणतात, आणि हे प्रवाह एकमेकांवर खरा परिणाम करतात. पुढे सातव्या शतकाच्या सुमारास धर्मकीर्ती या बौद्ध तार्किकाने तर दुसऱ्यांची मनं आहेत हे सिद्ध करण्यासाठीच 'संतानान्तरसिद्धि' हा वेगळा ग्रंथ लिहिला. विंशतिकेत विरोधक विचारतो, शरीरच नसेल तर खाटकाला मेंढ्या मारल्याचं पाप कसं लागेल? वसुबंधू उत्तर देतो की एका प्रवाहातली जाणीव दुसऱ्या प्रवाहाची साखळी तोडू शकते, आणि दाखला देतो दंडकारण्याचा, जे ऋषींच्या कोपाने ओसाड झालं. मनाने केलेली हिंसा त्याच्या लेखी सगळ्यांत भारी आहे. तेव्हा ज्याच्यावर खरोखर अन्याय झाला त्याला 'हे तुझ्या मनातच आहे' असं सांगायला कुणी या दर्शनाचा आधार घेत असेल, तर त्याने ते उलटं वाचलं आहे.

यापुढचा भाग म्हणजे आलयविज्ञान, आणि माझं मन तिथेच गुंतलेलं आहे.

बौद्धांसमोर एक जुनी अडचण होती. आत्मा नाही म्हणता, जाणीव क्षणाक्षणाला उमटते आणि विझते म्हणता, मग दहा वर्षांपूर्वीच्या कृत्याचं फळ आज कोणाला आणि कसं मिळतं? गाढ झोपेत, मूर्च्छेत, किंवा सगळ्या जाणिवा थांबतात त्या निरोधसमापत्ती नावाच्या ध्यानावस्थेत, माणूस कुठे जातो, आणि उठल्यावर तोच कसा उठतो? योगाचारांनी आठ विज्ञानं मानली. पाच इंद्रियांची, सहावं मनोविज्ञान, सातवं क्लिष्ट मन, आणि या सगळ्यांच्या तळाशी आठवं आलयविज्ञान. हिमालय म्हणजे हिमाचं आलय, तसं हे बीजांचं आलय. आपण जे करतो, बोलतो, मनात आणतो, त्याचं बीज इथे पडतं. योग्य कारणं जुळली की ते उगवतं, आणि उगवणारं जे असतं तेच आपल्याला 'जग' म्हणून दिसतं. त्या दिसण्यावर आपण पुन्हा काही करतो आणि नवं बीज पडतं.

बीज पडण्याच्या या क्रियेला शब्द आहे वासना. मराठीत या शब्दाला कामुकतेचा रंग चढला, पण मुळात त्यात 'वास' आहे, सुगंध. तिळांत फुलं घालून ठेवली, फुलं काढून टाकली, तरी तेलाला फुलांचा वास येतो. हे उदाहरण बौद्ध ग्रंथांत पुन्हा पुन्हा येतं. फूल निघून गेलेलं असतं. तीळ ते विसरत नाहीत. कधी काळच्या प्रसंगाचा वास आजच्या पाहण्याला येत राहणं, याला याहून नेमका शब्द मला माहीत नाही.

क्लिष्ट मन (क्लिष्ट म्हणजे इथे अवघड नव्हे, क्लेशांनी मळलेलं) म्हणजे ते सातवं विज्ञान, जे या तळाच्या प्रवाहाकडे सतत वळून बघतं आणि म्हणतं, 'हा मी'. त्याच्याबरोबर चार क्लेश कायम असतात: आत्मदृष्टी, आत्ममोह, आत्ममान आणि आत्मस्नेह. यातला चौथा मला फार करुण वाटतो. स्वतःवरचं हे प्रेम झोपेतही सुटत नाही. आणि ज्याला आपण मी म्हणतो ते स्थिर काही नाहीच. वसुबंधूचीच तीस कारिकांची 'त्रिंशिका' सांगते की आलय पुराच्या ओघासारखं वाहतं, 'स्रोतसौघवत्'. आलय हाच मागच्या दाराने आलेला आत्मा आहे का, ही शंका तुम्हाला आता आली असेल. ती त्यांनाही आली होती. 'संधिनिर्मोचन' या महायान सूत्रात बुद्धाच्या तोंडी गाथा आहे की हे खोल, सूक्ष्म विज्ञान मी अजाण लोकांना सांगितलं नाही, ते त्यालाच आत्मा समजून बसतील म्हणून.

इथे मला घरातली एक गोष्ट सांगावी लागेल. वडील रुग्णालयात होते. तिसरी रात्र. मी आणि दादा बाहेरच्या बाकावर बसलो होतो, त्याच्या हातात तपासण्यांचे कागद होते. मी काहीतरी विचारलं आणि दादा म्हणाला, "तुला काय कळतंय यातलं?" मी उठून गेले. वडील गेले, सगळं पार पडलं, आणि आमचं बोलणं कामापुरतं उरलं. अकरा वर्षं. त्या काळात दादाने जे जे केलं त्यात मला ते वाक्य ऐकू यायचं. त्याने फोन केला की उपकार केल्यासारखा वाटायचा, केला नाही तर कळायचंच, मी कोण लागते. माझ्यासमोर एक माणूस उभा होता, मला तुच्छ लेखणारा भाऊ, आणि तो टेबलाइतका घट्ट होता.

अकरा वर्षांनी त्या रात्रीचा विषय निघाला तेव्हा दादाला ती रात्र चांगली आठवत होती. तो म्हणाला, "अगं, मला त्या कागदांतलं एक अक्षर कळत नव्हतं. डॉक्टरांना विचारायची हिंमत नव्हती. मी तुला विचारलं, तुला काही कळतंय का यातलं, आणि तू उठून गेलीस."

तुला काय कळतंय यातलं. तुला काही कळतंय का यातलं.

तो नक्की काय म्हणाला हे आता कुणीच सांगू शकणार नाही. आवाज हवेत विरून गेला. दोघांनीही आपापल्या बीजांतून उगवलेलं वाक्य ऐकलं आणि जपलं. लहानपणापासून 'तू गप्प बस, लहान आहेस' हे ऐकत वाढलेल्या माझ्या मनात त्या रात्री दुसरं कुठलं वाक्य उगवणार होतं?

योगाचाराचे तीन स्वभाव मला या प्रसंगाशिवाय समजावून सांगता येत नाहीत. पहिला परिकल्पित, म्हणजे आपण रचून समोर उभं केलेलं. दुसरा परतंत्र, म्हणजे कारणांच्या आधाराने घडत असलेलं, ज्याला स्वतःच्या जोरावर अस्तित्व नाही. तिसरा परिनिष्पन्न, पूर्ण सिद्ध असलेलं. असंगाने 'महायानसंग्रहा'त अंधारातल्या दोरीचं उदाहरण घेतलं आहे. आपल्याकडे ते वेदान्तामुळे सर्वांना पाठ आहे, पण असंग एक पाऊल पुढे जातो. साप दिसला, तो नव्हताच. दोरी कळली आणि भीती गेली. आता दोरीकडेही नीट बघा, तीही रंग, वास, स्पर्श अशा अनुभवांत सुटत जाते. सापाची समजूत दोरी कळल्यावर जाते तशी दोरीचीही समजूत सोडायची असते.

त्या रात्री तीन रात्रींचं जागरण होतं, भीती होती, न कळणारे कागद होते, घशातून आलेला एक आवाज होता. ते परतंत्र, कारणांनी घडलेलं, कुणीही ठरवून केलेलं नव्हे. मला तुच्छ लेखणारा भाऊ हे परिकल्पित. तिसरा स्वभाव म्हणजे या दोघांच्या पलीकडचं काही तेजस्वी सत्य असेल, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. तसं नाही. त्रिंशिकेची व्याख्या अगदी साधी आहे: परतंत्रात परिकल्पित कधीही नसणं, हेच परिनिष्पन्न. तो भाऊ त्या बाकावर कधी बसलेलाच नव्हता. अकरा वर्षांनी तो नाहीसा झाला असं नव्हे, पहिल्या रात्रीपासूनच तो तिथे नव्हता. हे कळलं तेव्हा मला आनंद झाला नाही, आधी खूप रडू आलं.

याच उलटण्याला ते 'आश्रयपरावृत्ती' म्हणतात. ज्या आधारावर आपण उभे आहोत तो आधारच पालटणं. माझ्या बाबतीत तेवढं मोठं काही झालेलं नाही. एक बीज तेवढं ओळखता आलं.

टीकाकारांचं म्हणणंही तुम्हाला सांगायला हवं, कारण ते लेचंपेचं नाही. त्याआधी ते ज्यावर बोट ठेवतात तो योगाचाराच्याच बाजूचा युक्तिवाद. दिङ्नाग या बौद्ध तार्किकाने 'आलंबनपरीक्षा' या अवघ्या आठ कारिकांच्या ग्रंथात युक्तिवाद केला की जाणिवेचा विषय ठरायला दोन अटी हव्यात: त्याने जाणीव निर्माण करावी आणि त्याचंच रूप जाणिवेत दिसावं. परमाणू जाणीव निर्माण करत असतील, पण परमाणू दिसत नाहीत. परमाणूंचा समूह दिसतो, पण समूह म्हणून वेगळं काही अस्तित्वातच नाही, दुसऱ्या चंद्रासारखं. तेव्हा आतलंच रूप 'बाहेर असल्यासारखं' भासतं. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात, दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात, नेमकं या 'सारखं'वर बोट ठेवलं. बाहेर काही मुळातच नसेल तर 'बाहेरच्यासारखं' म्हणता कसं? विष्णुमित्र नावाचा माणूस वंध्यापुत्रासारखा, म्हणजे वांझेच्या मुलासारखा दिसतो, असं कुणी म्हणतं का? स्वप्नाच्या दाखल्यालाही त्यांचं उत्तर आहे: जाग आल्यावर स्वप्न बाधित होतं, म्हणजे खोटं ठरतं, जागेपणी दिसलेला खांब बाधित होत नाही. वसुबंधूने याला आधीच उत्तर देऊन ठेवलं होतं की जाग न आलेल्याला स्वप्नातला विषय खोटा असल्याचं कळत नाही. पण हे उत्तर जाग येण्याची शक्यता मानणाऱ्यालाच पटेल, आणि मी प्रामाणिकपणे सांगते, निव्वळ तर्काच्या पातळीवर आचार्यांची 'सारखं'वरची हरकत मला अजून पुरती दूर करता आलेली नाही. माध्यमिकांचा चंद्रकीर्ती वेगळ्या बाजूने टोकतो: विषय नाही म्हणता, मग एकट्या विज्ञानालाच खरं का धरून ठेवता?

यावर मला त्रिंशिकेची सत्ताविसावी कारिका आठवते. 'हे सगळं विज्ञप्तिमात्र आहे' असं म्हणून तेच काहीतरी समोर मांडून धरलंस, तर तू विज्ञप्तिमात्रात स्थिर झालेला नाहीस. म्हणजे सिद्धान्तसुद्धा डोळ्यापुढचा केस होऊ शकतो. शेवटी ज्याला घ्यायचं असं काही उरत नाही, तेव्हा घेणाराही उरत नाही. मग विज्ञान तरी खरं म्हणून कशाला कवटाळायचं? स्वतःच्या मताला असं सोडून देणारी कारिका लिहिणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसतो. विंशतिकेच्या शेवटी तर तो म्हणतो, माझ्या शक्तीप्रमाणे मी हे सिद्ध केलं, पण पूर्णपणे ते माझ्या विचारात येणारं नाही, तो बुद्धांचा विषय आहे.

हे ग्रंथ आपल्यापर्यंत आले तेही सहज नाही. सातव्या शतकात ह्युएन त्सांग चीनमधून वाळवंट आणि डोंगर ओलांडून निघाला, त्यामागे 'योगाचारभूमी' हा या दर्शनाचा मोठा ग्रंथ मुळातून शिकण्याची ओढ होती. नालंदेत वृद्ध शीलभद्रांनी त्याला ती शिकवली. इ.स. 645 मध्ये तो 657 ग्रंथ घेऊन परतला, आणि उरलेलं आयुष्य त्याने भाषांतरात घालवलं. योगाचारभूमीचे चिनीत 100 खंड झाले. त्रिंशिकेवरच्या भारतीय भाष्यांचं सार काढून 659 मध्ये त्याने जो ग्रंथ सिद्ध केला, त्यावर पूर्व आशियातली एक आख्खी परंपरा उभी आहे. परतीआधी तो पुलकेशीच्या महाराष्ट्रातही येऊन गेला. इथले लोक उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असं त्याने नोंदवलंय. इथल्या एका डोंगरातल्या लेण्यांचं वर्णन त्याने केलं आहे, ती अजिंठ्याची असावीत असं अभ्यासक मानतात, आणि तिथे दिङ्नाग वरचेवर राहत असे अशी आठवणही टिपली आहे. मधल्या शतकांत इथे या परंपरेचा धागाच तुटला. विंशतिका आणि त्रिंशिका यांचे संस्कृत पाठ नेपाळमधल्या हस्तलिखितांतून सिल्व्हाँ लेव्ही या फ्रेंच पंडिताने 1925 मध्ये पॅरिसहून प्रसिद्ध केले, म्हणून मी आज त्या मुळातून वाचू शकते. अपमान न विसरणाऱ्या प्रदेशात आलयविज्ञान जाणणारा माणूस चालत गेला होता, याचा विचार मी अधूनमधून करते.

तर, टेबल. त्याला हात लागतो, त्यावर मी लिहितेय, आणि वसुबंधूही त्यावर पाणी ठेवू नका असं म्हणाला नसता. टेबल माझ्यापासून सुटं, स्वतःच्या बळावर, माझ्या पाहण्याचा काहीही वाटा नसताना, जसंच्या तसं 'तिकडे' आहे का, असं विचाराल तर मी आता हो म्हणत नाही. खरं तर टेबलाबद्दल माझी कधी झोप उडाली नव्हती. माणसांबद्दल उडाली होती.

परवा हाच प्रश्न दादाने विचारला. तो यातलं काही वाचत नाही, पण मी काय वाचत असते याची त्याला हल्ली उत्सुकता असते. मी त्याला असंगाची आणि कुत्र्याची गोष्ट सांगितली. मैत्रेयाचं त्याला फारसं काही वाटलं नाही, बारा वर्षांचंही नाही. थोडा वेळ गप्प राहून तो म्हणाला, "गावातल्या इतरांना काहीच दिसलं नाही म्हणालीस ना? मग त्या म्हातारीला कुत्रं तरी कसं दिसलं?"

मी म्हटलं, ग्रंथात एवढंच आहे की तिची आवरणं इतरांपेक्षा जराशी पातळ होती.

"जराशीच," दादा म्हणाला, आणि पुन्हा एकदा ती गोष्ट पहिल्यापासून सांगायला लावली.